तिकीट एकदाच लागतं, भूक चारदा

प्रभाकरराव,

तुमच्या तेराव्याच्या जेवणाचं ठरवायला आम्ही खारघरला तुमच्या हॉलमध्ये बसलो होतो. केटररने विचारलं, "साधारण किती पानं धरू?" आणि सगळ्यांनी एकदम तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. मीसुद्धा. खुर्चीवर कुणीतरी धुतलेल्या चादरींची चळत ठेवली होती. मग तुमची सई म्हणाली, "बाबांना विचारायचं राहिलं की," आणि रडता रडता हसली. तिच्यामागे आम्हीही हसलो. केटरर बिचारा पेन हातात धरून फरशीकडे बघत राहिला.

अंदाज चुकला, हे तुम्हाला सांगायलाच हवं. जिलबी कमी पडली आणि मसालेभाताचं अर्धं पातेलं उरलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "उन्हाळ्यात माणूस भात कमी खातो आणि ताक जास्त पितो, एवढं साधं कळत नाही?" नाही कळत. तुम्ही होतात म्हणून आम्हाला ते कळून घ्यायची कधी गरजच पडली नाही.

साडू या नात्याला आपल्याकडे फारसा मान नाही. दोन बहिणींपायी एकमेकांच्या गळ्यात पडलेली दोन माणसं, एवढीच त्याची ओळख. लग्नाआधी मी तुम्हाला एकदाच भेटलो होतो, साखरपुड्यात, तेही चेहरा नीट लक्षात राहू नये इतकं घाईत. माझ्या लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलो होतो, सकाळपासून उपाशी, घशाला कोरड. तुम्ही मागून येऊन कानात विचारलंत, "काही खाल्लंत का?"

मी म्हटलं, "नाही, चालत नाही ना."

"कुणाला चालत नाही? भटजींचा दोनदा चहा झालाय." आणि उपरण्याआडून माझ्या हातात सोललेलं केळं दिलंत. मी ते अंतरपाटाच्या आड दोन घासांत संपवलं. मेधाने पलीकडून डोकावून पाहिलं आणि ती हसली. आमच्या संसारातलं पहिलं हसू ते. त्याचं श्रेय तुमचं आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुमची नोकरी जासईच्या कंटेनर यार्डातली. कुठल्या कंटेनरमध्ये कुठला माल कसा बसवायचा, जड खाली की हलकं खाली, हे तुमचं रोजचं काम. तेच तुम्ही घरच्या सहलींना लावायचात. आम्ही कुठे जायचं ते ठरवायचो, हॉटेलं बघायचो, फोटो बघायचो, तुम्ही पहिला प्रश्न विचारायचात, "सकाळी काय खाऊन निघायचं?" तुमचं एक ठाम मत होतं, सहल मोडते ती रस्त्यावरून नाही, हॉटेलवरून नाही, जेवणावरून मोडते. उपाशी माणसाला समुद्रसुद्धा खारट लागतो, म्हणायचात. मी चेष्टा करायचो की पोट भरलं तरी तो खारटच असतो. त्यावर तुम्ही माझ्याकडे असे बघायचात की मला साध्या गोष्टी समजत नाहीत.

आज मला बोलायचंय ते आपण मुलींना, तुमच्या सईला आणि माझ्या जुईला, घेऊन थीम पार्कला गेलो होतो त्या दिवसाबद्दल. तुमच्या फोटोसमोर बसून मला दुसरं काही सुचतच नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर तळोज्याची आमची कंपनी बंद पडली. मी तिथे खरेदी विभागात होतो. हे मेधाला ठाऊक होतं, तिच्या बहिणीला, संध्याताईंना, आणि तुम्हाला ठाऊक होतं. जुईला सांगितलं नव्हतं. ती चौथीत होती आणि सासूबाई तेव्हा आमच्याकडे नवीन पनवेललाच राहत होत्या, त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचो. मुलाखत असेल तर मुलाखतीला, नसेल तर वडाळे तलावाच्या काठी बाकावर. दुपारी तिथेच डबा खायचो. आणि जुईला मी आदल्या वर्षी शब्द दिला होता, की मे महिन्यात तुला त्या मोठ्या पार्कात नेईन. मुलं असे शब्द विसरत नाहीत.

मी मेधाला म्हटलं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तिने ते संध्याताईंना सांगितलं असणार, कारण त्या रविवारी तुम्ही आमच्या दारात हजर. गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसलात आणि बूट काढायच्या आधी सुरुवात केलीत.

"शेखरराव, पार्काची तिकिटं मला यार्डातल्या एका मित्राकडून सवलतीत मिळतात. तो प्रश्न नाही. तिकीट एकदाच लागतं. भूक चारदा लागते. घर बुडतं ते भुकेपायी. भुकेचा बंदोबस्त केला की सहल जमली."

"आणि बंदोबस्त म्हणजे?"

तुम्ही बोटांवर समजावलंत. लोक आदल्या रात्री तिथल्या हॉटेलात उतरतात, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, सगळं तिथल्या भावात. आपल्याला पनवेलात राहण्याचा एवढा मोठा फायदा असताना हॉटेल कशाला? "आम्ही तिघं आदल्या संध्याकाळी तुमच्याकडे येतो. गाद्या टाकून हॉलमध्ये झोपू. सकाळी घावन खाऊन निघायचं, पोटभर, दोन जास्तच. आत एकदाच जेवायचं, दुपारी, तेही मी दर बघून ठरवीन. पाणी आतल्या कूलरचं. डिकीत चिवडा, चिक्की, केळी. ती आत नेऊ देत नाहीत, पण संध्याकाळी बाहेर आल्यावर गाडीतली केळी कोण अडवणार? परतताना कोनच्या फाट्यावर मिसळ. झालं."

मग वर्गणीचा आकडा सांगितलात. दोन घरांची निम्मी-निम्मी. आकडा इतका लहान होता की मला राग आला.

"हा आकडा तुम्ही माझ्यासाठी काढलाय," मी म्हटलं.

"माझ्या पोटासाठी काढलाय. डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा."

"प्रभाकरराव, मला दया नको."

"दया कोण करतंय? घावन तुमच्या घरचं, गॅस तुमचा, गाद्या तुमच्या. त्याचे पैसे मी कुठे धरलेत? धरले तर मलाच तुम्हाला द्यावे लागतील."

तुमच्याशी वाद घालताना माझं नेहमी एकच व्हायचं. दारात उभं राहून निरोप घेताना उत्तर सुचायचं आणि तोवर तुम्ही लिफ्टमध्ये.

अजून एक गोष्ट तुम्ही ठरवलीत, जी मला तेव्हा अगदी निरर्थक वाटली होती. दोन्ही मुलींना त्यांच्या खाऊचे पैसे सकाळीच हातात द्यायचे. सारखेच. दिवसभर काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, आपण हो-नाही म्हणायचं नाही आणि संपले की संपले. "मुलं सारखं मागतात कारण आपला खिसा त्यांना अथांग वाटतो," तुम्ही म्हणालात. "त्यांचाच खिसा त्यांना देऊन बघा."

आदल्या संध्याकाळी तुम्ही तिघं आलात. मेधाने पिठलं-भात केला होता. हॉलभर गाद्या पडल्या तेव्हा जुई आणि सई त्यांच्यावरून अशा लोळल्या की सासूबाई म्हणाल्या, "यांची सहल झाली इथेच. उद्या कशाला जाताय?" सकाळी संध्याताई आणि मेधा दोघी दोन तव्यांशी उभ्या होत्या आणि तुम्ही तव्याजवळ पहारा देत होतात. मी तीन घावनांवर थांबलो तर माझ्या ताटात चौथं टाकलंत. "हे दुपारच्या खात्यातलं," म्हणालात.

दारात सासूबाईंनी गोळी घेतली. साखरेचा त्रास त्यांना तेव्हा नवा नव्हता. त्यांचा अकराच्या खाण्याचा छोटा डबा मेधाने पर्समध्ये दिला, पोळी आणि मुगाची उसळ. पार्काच्या दारावरच्या माणसाने आजी, औषधं आणि डबा बघून तो आत जाऊ दिला.

आत गेल्यावर तुम्ही आपला शब्द पाळलात. जुईच्या गळ्यात छोटी पर्स होती, तिच्यात तिचे पैसे. सईने पहिल्या तासातच अर्ध्याहून जास्त पैसे एका रंगीबेरंगी म्हातारीच्या केसांवर उडवले आणि नंतर तिचं तोंड बघण्यासारखं झालं. संध्याताई पर्स उघडायला लागल्या, तर तुम्ही त्यांचा हात हलकेच खाली दाबलात. जुईचं उलट. ती प्रत्येक स्टॉलपाशी थांबायची, पाटी वाचायची आणि पुढे जायची. मला वाटलं, या पोरीच्या हातून आज काही खर्चच व्हायचं नाही.

मग आली ती उंच राइड. आम्ही सगळे रांगेत लागलो. जुईची उंची कमी पडली म्हणून तिला घेतलं नाही. ती आजीबरोबर सावलीतल्या बाकावर बसली. तुम्हाला मी म्हटलं, "चला." तुम्ही म्हणालात, "मी दुपारच्या जेवणाचे दर बघून येतो." उंचीची भीती तुम्ही आयुष्यभर दरांच्या आड लपवलीत.

पुढचं सगळं जुईने नंतर आम्हाला सांगितलं, आणि नंतरच्या वर्षांत तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. सासूबाईंचा डबा रिकामा होता. आधीच्या एका रांगेत मुली भूक-भूक करत होत्या, तेव्हा आजीने पोळीचे दोन तुकडे करून दोघींना भरवले होते. आजीच ती. नातवंडांची भूक दिसली की तिला आपली गोळी आठवत नाही. बाकावर बसल्या बसल्या त्यांना घाम सुटला. हात थरथरायला लागले. जुई विचारत होती, "आजी, काय होतंय?" आणि आजी तिला संध्या म्हणून हाक मारत होती.

आसपास आपल्यातलं कुणी नव्हतं. जुईने शेजारच्या बाकावरच्या एका बाईला सांगितलं, "माझ्या आजीकडे बघा," आणि समोरच्या स्टॉलकडे पळाली. घरी आजीला असं झालं की मेधा साखरपाणी द्यायची, ते तिने पाहिलं होतं. तिने आंब्याच्या रसाची बाटली मागितली आणि पर्स काउंटरवर उलटी केली. पाटी वाचून वाचून जपलेले जवळजवळ सगळे पैसे त्या एका बाटलीत गेले. परत येऊन तिने आजीच्या तोंडाला बाटली लावली. "आजी, पी. मी जुई आहे. पी."

तुम्ही दर बघून परतलात तेव्हा हे चाललं होतं. तुम्ही बाकासमोर थेट जमिनीवर बसलात, सासूबाईंचे पाय हातात घेऊन. आम्ही राइडवरून उतरून हसत-खिदळत आलो तेव्हा त्या सावरल्या होत्या, चेहऱ्यावर रंग येत होता, आणि तुम्ही जुईकडे बघत काहीच बोलत नव्हतात. तुम्ही आणि काही न बोलता! मी तेव्हाच घाबरलो.

पार्कातली नर्स येऊन साखर तपासून गेली, म्हणाली, आता ठीक आहे, लवकर जेवायला घाला. स्वस्त जेवणाच्या ठिकाणी ही मोठी रांग होती. तुम्ही क्षणभरही विचार केला नाहीत. शेजारच्या थंडगार बुफेच्या दारात गेलात, जिथल्या दरांवर तुम्ही थोड्या वेळापूर्वी तुच्छतेने मान हलवली होती, आणि सात जणांसाठी कार्ड पुढे केलंत. मी धावत मागे आलो.

"थांबा. वर्गणीत हे बसत नाही. माझे निम्मे मी देणार."

"शेखरराव, आत्ता नको."

"आत्ताच. नाहीतर मी बाहेर बसतो."

"अहो, आईंना जेवायचंय. हट्ट कसला करताय? नोकरी लागल्यावर द्या की!"

तुमचा आवाज यार्डातला. ट्रेलरच्या आवाजावरून बोलायची सवय झालेला. तो दारापासून आतल्या टेबलांपर्यंत गेला. जुई माझ्या शेजारीच उभी होती. तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, तुम्हाला नोकरी नाहीये?"

तुमचा चेहरा कसा झाला होता, तो मी विसरलेलो नाही. कार्ड तसंच हातात. काउंटरवरची मुलगी थांबलेली. मेधा खाली बघत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या फूड कोर्टात पहिल्यांदा नीट कळलं.

आणि मागून सासूबाई बोलल्या. संध्याताईंचा हात धरून त्या हळूहळू चालत आल्या होत्या. "दोघेही बाजूला व्हा. काय बाई, जावई की बोके, दारात भांडताहेत. हा महिना कुठला चाललाय, कुणाला आहे का आठवण? अधिक महिना. धोंड्याचा महिना. जावयांना जेवायला घालायचं माझं राहिलंय. गुडघ्यांमुळे यंदा स्वयंपाक होत नाही म्हणून मनाला लागून राहिलं होतं. हे माझं जेवण. प्रभाकरराव, ते कार्ड आत ठेवा."

"आई, पण..."

"सासूच्या पंगतीला जावयाने पैसे भरल्याचं कुठे ऐकलंय का?" त्यांनी पदराआडच्या बटव्यातून पेन्शनच्या नोटा काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. मग मला म्हणाल्या, अगदी सहज, "आणि नोकरीचं मला संक्रांतीपासून माहीत आहे. ऑफिसात असताना कारल्याची भाजी तुमच्या डब्यातून तशीच परत यायची. आता डबा पुसून येतो. एकटा बसून खाणाराच कारलं संपवतो."

संध्याताई हसायला लागल्या. मग मेधा. शेवटी मीही. तुम्ही मात्र हसला नाहीत. जुईने माझा हात धरला आणि म्हणाली, "मग तुम्ही सुट्टीत घरीच असाल ना?" तिच्या दृष्टीने बातमी चांगली होती.

आत गेल्यावर पुढचा पेच आला. धोंड्याच्या जेवणाला जाळीदार पदार्थ हवा. अनारसे, बत्तासे, निदान म्हैसूरपाक. सासूबाईंनी सगळं बुफे फिरून पाहिलं. पास्ता होता, पुलाव होता, चार रंगांची पुडिंग होती. जाळी कशालाच नव्हती. मग त्या एका टोकाला थांबल्या. तिथे एक मुलगा लोखंडी साच्यात पीठ ओतून चौकोनी काहीतरी भाजत होता.

"हे काय रे बाळा?"

"वॅफल आहे, आजी."

"जाळी छान पडलीय. सोडा घालता का?"

"हो, थोडा."

"गूळ नाही, पण मध दिसतोय. चालेल. दे दोन ताटांत."

त्यांनी आपल्याला शेजारी शेजारी बसवलं, स्वतः कशाबशा उभ्या राहून दोघांच्या ताटात वॅफल वाढलं, वर मध घातला. तुम्ही हळूच म्हणालात, "आई, अनारसे तेहतीस द्यायचे असतात." तुम्हाला वाटलं, निदान विनोद करून मोकळे होऊ. त्यांनी वॅफलकडे नीट निरखून पाहिलं. "खड्डे मोजा. तेहतीसच्या वरच भरतील." मग आपण दोघं, एक कंटेनर यार्डातला आणि एक बेकार, मुंडी खाली घालून वॅफलचे खड्डे मोजत बसलो. जुई आणि सई आळीपाळीने मोजायला मदत करत होत्या. तेव्हा कुठे तुम्ही पहिल्यांदा हसलात. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाला काय वाटलं असेल, देव जाणे.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी जुईच्या रिकाम्या पर्समध्ये दक्षिणा म्हणून पुन्हा खाऊचे पैसे घातले. तिने तडक जाऊन फ्रेंच फ्राइजचा, म्हणजे बटाट्याच्या सळ्यांचा, एक डबा आणला आणि आपल्या सगळ्यांना एक-एक सळी वाटली, मोठ्या माणसासारखी. उरलेले पैसे परत गळ्यात. संध्याकाळी डिकीतली केळी खाल्ली. कोनच्या फाट्यावर मिसळीला कुणाच्याच पोटात जागा नव्हती, तरी तुम्ही गाडी थांबवलीत, कारण ठरलं होतं. एक मिसळ घेतली आणि सात चमचे.

गाडीत जुई पुढे तुमच्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "काका, नोकरी नसली की माणूस दिवसभर काय करतो?" मी मागे खिडकीबाहेर बघू लागलो. तुम्ही आरशात माझ्याकडे न बघता म्हणालात, "नोकरी शोधतो. ते नोकरीपेक्षा अवघड काम असतं, त्याचा पगार मिळत नाही. म्हणून घरच्यांनी त्या माणसाला चांगलं खायला घालायचं असतं." जुईने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासाठी पोळीवर तूप-साखर घालून आणून दिली, आणि मी बाहेर पडलो नाही. घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून अर्ज लिहिले. वडाळे तलावाच्या बाकावर मी पुन्हा गेलो नाही.

मला तुम्हाला सांगायचं होतं ते एवढंच आहे, प्रभाकरराव. नोकरीचं ते वाक्य तोंडून निसटलं, हे तुमच्या मनाला वर्षानुवर्षं खात राहिलं. तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत, पण मला दिसत होतं. त्या दिवसानंतर माझ्यासमोर तुम्ही आवाज खाली घेऊन बोलायला लागलात. हॉटेलात बिल आलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचात. दसऱ्यानंतर मला कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये नोकरी लागली, तेव्हा पगार किती हे न विचारता तुम्ही विचारलंत, "कँटीन कसं आहे?" आणि मी "बरं आहे" म्हटल्यावर इतका मोठा सुस्कारा टाकलात की मला फोनवर ऐकू आला. एकदा कर्नाळ्याला फिरून आल्यावर टपरीवर चहा घेताना तुम्ही सुरुवात केलीत, "शेखरराव, त्या दिवशी पार्कात मी..." तेवढ्यात भजी आली. मी म्हटलं, "गरम आहेत तोवर खा." तुम्ही खाल्लीत. विषय भज्यांखाली गेला तो गेलाच.

मला वाटलं होतं, सांगू केव्हातरी. साडू कुठे जातोय! मी सांगणार होतो की त्या वाक्याने माझं काहीही बिघडलं नाही. मी अर्धं वर्ष रोज सकाळी माझ्याच मुलीसमोर एक नाटक करत होतो आणि ते करून करून थकलो होतो. स्वतःहून थांबवायची माझ्यात हिंमत नव्हती. तुमच्या यार्डातल्या आवाजाने ते एका क्षणात थांबवलं. लाज वाटली ती वॅफल येईपर्यंत. नंतर जे वाटलं ते मोकळेपण होतं. तुम्ही त्याला चूक समजत राहिलात आणि मी आभार मानायचे म्हणून ठेवून दिले. दोघेही वेडे.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी धावत खारघरला आलो, तेव्हा संध्याताई दारातच म्हणाल्या, "पोटभर जेवले होते हो. सोलकढी दोनदा घेतली. मग म्हणाले, जरा पडतो." बाकी काही सांगायच्या आधी त्यांनी हेच सांगितलं. मला वाटतं, तुमच्याबद्दल याहून जास्त कुणाला काही सांगता येणार नाही. तुम्ही दुपारचं जेवण करून, सगळ्यांचं झालंय ना हे बघून गेलात. मला फार रडू आलं, पण त्या रडण्यात कुठेतरी समाधान होतं, तेही मी तुमच्यापासून लपवत नाही.

सासूबाई आता फारशा बोलत नाहीत. जावई गेल्याचं दुःख सासूने कसं करायचं, याची काही रीत नाही. त्या नुसत्या जपमाळ हातात धरून बसतात. जुई बारावीला आहे, सई पुण्याला नोकरी करते. तेरावं झाल्यावर सईला जावं लागलं. ती दारातून दोनदा परत आली आणि तिसऱ्यांदा गेली.

त्यानंतर परवा मेधाच्या फोनवर संध्याताईंचा फोन आला. सकाळची वेळ. मेधा बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तू गॅस बंद कर. मी येते." फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय झालं? मेधा म्हणाली, "ती विचारत होती, एका माणसाचा भात कसा लावतात. वाटीभर तांदूळ घेऊन अर्धा तास ओट्याशी उभी आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"मलाही माहीत नाही," मेधा म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

दुपारी ती संध्याताईंना घेऊनच आली. त्यांच्या हातात कपड्यांची एक पिशवी होती. नको-नको म्हणत आल्या होत्या, लोक काय म्हणतील म्हणत होत्या. मेधाने मोठं पातेलं काढलं. आम्ही पाच जण जेवायला बसलो, सासूबाई, संध्याताई, मेधा, जुई आणि मी. साधं वरण, भात, तोंडी लावायला लिंबाचं लोणचं. संध्याताई पहिले काही घास चिवडत होत्या. जुई कॉलेजातलं काहीतरी सांगत होती, एका सरांची नक्कल करत होती, आणि मला वाटतं, ती मुद्दाम लांबवत होती. ऐकता ऐकता संध्याताईंचा हात चालू लागला. वरण-भात संपला.

मग त्यांनी ताट पुढे केलं. "मेधा, अजून थोडा वाढ गं. भूक लागलीय."

मेधाने वाढला. आम्ही आपापल्या ताटात बघत जेवत राहिलो.